मेलेल्या बाईनं मध्ये बोलू नये

नाही, पण मला एक सांगा, मेलेल्या माणसाच्या नाकाला खाज सुटली तर त्यानं करायचं काय? हसू नका, सांगा! मी त्या टोपीवाल्याला रीतसर विचारलं होतं, म्हटलं बाबा, मी मरते, माझी काही ना नाही, पण नाक माझं जिवंत आहे, त्याचं काय? तर म्हणतो कसा, "आजी, मनानं जिंका." मनानं! एकोणऐंशी वर्षं झाली, मनानं मला अजून डावा गुडघा जिंकता आला नाही, नाक कुठून जिंकू?... वरून चार दिवे, एकेक दिवा असा की त्यावर चहाचं आधण ठेवावं, अंगावर हनुवटीपर्यंत चादर, हात छातीवर, आणि बावीस माणसं माझ्या मरणाकडे टक लावून बसलेली. आणि बोलायची सोय नाही. मी मेलेली ना!

थांबा, असं मधूनच कळायचं नाही तुम्हाला. पहिल्यापासून ऐका.

आम्ही चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, तीन माणसं. मी, सून आणि नातू. चौथा माणूस म्हणजे माझा मुलगा, तो गेला, त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या शहराला वर-खाली केलं त्यानं, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही! पान्यांची ती बॅग खांद्याला लावायची, चार मजले उतरायचे, संध्याकाळी चार मजले चढायचे, आणि वर आला की म्हणायचा, "आई, आज सात लिफ्ट चालू केल्या." मी म्हणायची, आठवी कधी करतोस बाबा, आपल्या दारातली?... तर तो जिन्यातच गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. बॅग खांद्यालाच होती.

आता नातू. सव्वीस वर्षांचा घोडा. त्याला बापानंच नाव ठेवलं होतं, थांबराव! कारण त्याला काही सांगा, उत्तर एकच. ऊठ रे. "थांब." आंघोळ कर. "थांब." नोकरीचं काय ठरवलंस? "थांब जरा, आजी, बघतोय." सात नोकऱ्या धरल्या आणि सात सोडल्या, एक तर जेवणाच्या सुट्टीत सोडली, डबा तिथेच विसरून आला. आणि बाप गेल्यापासून तर थांबराव पुरताच थांबला. रडला नाही हो! टिपूस नाही. नुसता कॉटवर पडून छताकडे बघायचा. त्यानं एकच उद्योग चालवला होता, आणि तो असा की आम्हा दोघींच्या नाकी नऊ आले. बाहेरची खोली बाप गेला त्या सकाळी जशी होती तशीच ठेवायची! टीव्हीवर चष्मा उलटा, तो उलटाच. पेपर दोन घड्यांचा, तो तसाच. दाराशी खुर्ची, बूट घालायला बसायची, ती भिंतीपासून हातभर, म्हणजे हातभरच. आणि खुर्चीशेजारी ती बॅग, खालून कुणीतरी आणून ठेवलेली, मधल्या वाटेत! सून दोनदा ठेचकाळली. मी तिला वळसा घालून संडासला जायची, या वयात वळसा! सुनेनं धूळ पुसली आणि चष्मा बोटभर सरकला की हा उठायचा, सरळ करायचा, पुन्हा आडवा.

बरं, त्याला बोलावं तर काय बोलावं? मी पण गप्पच होते. माझं गप्प बसायचं कारण वेगळं होतं... ते पुढे येईल.

तर एक दिवस टोपीवाला आला. डोक्यावर टोपी, गळ्यात दुसरी टोपी. म्हणे, "सिनेमा करतोय, खरं घर पाहिजे." म्हटलं, खोटं घर कुठे मिळतं? तर म्हणे, "एक मुलगा आहे, त्याला आयुष्यात काय करायचं ते कळत नाहीये, आणि त्याची आजी जाते. हसता हसता रडवणारा सिनेमा आहे, आजी." म्हटलं, मग आमचंच घर घे, रडवायचं सामान सगळं तयार आहे, हसायचं तेवढं तू घेऊन ये.

आणि सून तयार! मला वाटलं, ही भोळी बाई, दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर चिठ्ठ्या फाडणारी, हिला सिनेमाची हौस कुठून आली? आत नेऊन विचारलं, तर हळूच म्हणते, "आई, ही खोली आपल्याच्यानं काही हलायची नाही. परक्यांनी हलवली तर हलवली." असं होतं ते! थांबरावाला आदल्या दिवशी सांगितलं. त्यानं सकाळी ते लोक यायच्या आधी एक स्टूल घेतलं, कोपऱ्यात ठेवलं आणि त्यावर बसला, बँकेच्या दारावरचा पहारेकरी जसा.

आता मरायची मी नव्हतेच! मरायला त्यांनी बाई आणली होती, नाटकातली, नावाजलेली. पण ती निघाली खोकलेबाई. झोपली, चादर ओढली, टोपीवाला म्हणाला, "सुरू," की हिची खोकल्याची ढास! चार वेळा मेली, चार वेळा खोकून उठली. पाचव्यांदा त्यांनी तिला रिक्षात घालून घरी पाठवली, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग, तुम्हाला सांगते, एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी आपली स्वयंपाकघराच्या दारात चहा फुंकत उभी!

"आजी... तुम्ही... जरा... झोपाल का?"

सून म्हणाली, "आई, नको हो! भलतंच काय!" मी म्हटलं, अगं त्यात काय, एकदा तालीम झालेली बरी. रंगवणारी पोरगी डबा घेऊन आली, मेलेल्या माणसाचा रंग लावायला. माझ्या तोंडाकडे बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि डबा बंद करून म्हणाली, "राहू दे, चालेल असंच." बघा! लोकांची तोंडं कुठे कुठे सुटतात! पण मी काय बोलणार? तोवर मी मेलेली!

आणि मग आला हिरो. देखणा, उंच, दात असे पांढरे की दिव्याची गरज नाही. त्यानं माझ्याजवळ बसायचं, माझा हात हातात घ्यायचा, एकदा हसायचं, आणि हसता हसता रडायचं. एवढंच काम! आमच्या गल्लीतली कुठलीही बाई हे भाजी निवडता निवडता करते. पण याला रडू येईना! पहिल्यांदा बसला, हसला... नुसताच हसला. टोपीवाला ओरडला, "आतून आण, आतून!" दुसऱ्यांदा माझा हात दाबून दाबून चेपून टाकला, जसं काही रडू माझ्या हाताच्या बोळ्यातून पिळून निघणार आहे. तिसऱ्यांदा म्हणे खोली गरम आहे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याचं, रडता येईना खोली गरम! चौथ्यांदा म्हणतो, "आजींचे पाय गार लागतायत, माझं लक्ष जातंय." अरे गाढवा, मेलेल्या बाईचे पाय काय कढत असणार? हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलेलं, पण करता काय... मी मेलेली!

त्यात ती वहीवाली. तिचं सांगायलाच हवं, कारण सगळं पुढचं तिच्यापायी झालं. चाळिशीची बाई, पेन्सिल केसात खोचलेली, गळ्यात वही. तिचं काम एकच. हिरो रडायचा राहिला की पुन्हा पहिल्यापासून करायचं, आणि पुन्हा करताना खोलीतली एकूण एक वस्तू मागच्या वेळी होती तशीच पाहिजे. ग्लासातलं पाणी तेवढंच, चादरीची सुरकुती तीच, घड्याळ मागे फिरवायचं! नाहीतर म्हणे पडद्यावर चष्मा एकदम उडी मारल्यासारखा दिसतो. त्याला त्यांचा शब्द आहे, कंटिन्युटी. मी डोळे मिटून ऐकतेय आणि मनात म्हणतेय, अगं बाई, हा आजार पगारी पण असतो?

आठव्या की नवव्या वेळी वहीवाली म्हणाली, "चला, सगळं जागेवर आहे, घ्या." आणि कोपऱ्यातून आवाज आला, "नाहीये."

मी दचकलेच, पण मेल्यासारखी दचकले, आतल्या आत. तीन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हो तो!

"चष्म्याची डावी काडी अर्धी मिटलेली होती. आता पूर्ण उघडी आहे."

वहीवालीनं फोटो काढला होता, तो बघितला. खरंच. मग ती म्हणाली, "अजून काय?" तर हा सुरू झाला! ग्लास दोन बोटं उजवीकडे होता. पेपराचा कोपरा दुमडला होता. आजीची वेणी डाव्या खांद्यावर होती, करंगळी चादरीबाहेर होती. टोपीवाला म्हणाला, "हा कोण आहे?" वहीवाली म्हणाली, "कोण का असेना, याला माझ्या शेजारी बसवा." आणि थांबराव उठला. ऊठ म्हटल्याबरोबर! अहो, सव्वीस वर्षं मी घसा कोरडा केला, आणि ही बाई एकदा म्हणाली तर स्टूल उचलून चालला! मला एवढा राग आला, एवढा आनंद झाला, म्हटलं आता उठून दोघांनाही एकेक... पण मी मेलेली!

मग जेवणाची सुट्टी झाली. सगळे खाली गेले. मी म्हटलं, उठले तर ही वेणी आणि करंगळी पुन्हा लावत बसतील, त्यापेक्षा पडून राहते. त्यांना वाटलं म्हातारी झोपली. खोलीत तीच दोघं, वही बघत. ती म्हणाली, "तुझं एवढं लक्ष कसं काय रे असतं?"

हा म्हणाला, "रोज लावतो ना मी. अकरा महिने."

"कशासाठी?"

  आणि मग तो बोलायला लागला हो, खाली मान घालून बोलत असणार, कारण आवाज जमिनीवरून येत होता. "त्या दिवशी बाबांची पाठ धरली होती. म्हणाले, जरा बॅग खाली घे रे. मी कानात इअरफोन घालून मोबाइल बघत होतो. म्हटलं, दोन मिनिटं, बाबा. ते गेले एकटेच. मी दोन मिनिटं लावली नसती, तर..." मग म्हणाला, "बाकी सगळं मला जागेवर ठेवता येतं. तेवढंच बदलता येत नाही."

वहीवालीनं वही मिटली. शहाणी बाई. आणि मी? मी चादरीखाली. माझ्या कानात पाणी जात होतं, कारण उताणं झोपून डोळे वाहिले की ते कानातच जातं, तुम्ही करून बघा. कारण ती सकाळ मला ठाऊक होती, आणि त्याला ठाऊक नव्हती! अकरा महिने मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. म्हणायची, आज सांगते, उद्या सांगते. थांबराव थांबराव म्हणते, पण थांबायचं त्यानं माझ्याकडूनच उचललं असणार! तेव्हा, त्या क्षणी उठून सांगायचं की नाही? खोलीत परकी बाई, आणि माझी हिंमत होईना. मनात म्हटलं, पडून राहावं, कुणी विचारायला येत नाही. मेलेलं असणं किती सोयीचं असतं ते मला तेव्हा कळलं.

लोक परत आले. पुन्हा दिवे. पुन्हा, "आतून आण, आतून!" बारा झाले, तेरा, चौदा... सून स्वयंपाकघराच्या दारात उभी. सोळाव्यांदा हिरोला थोडी सर्दी झाल्यासारखं वाटलं, सगळ्यांना आशा आली. आणि सतरावी खेप! कोण जाणे काय झालं, तो माझ्याजवळ बसला, माझा हात घेतला, हसला, आणि त्याचा आवाज असा काही फाटला की बास! टपकन थेंब पडला माझ्या मनगटावर, ऊन ऊन. खरा! खोलीत कुणी श्वास घेईना. आणि त्याला सिनेमातलं वाक्य होतं, ते तो म्हणाला, "आजी, मी उशिरा आलो गं."

आणि मी बोलले.

डोळे मिटूनच बोलले, पण बोलले! म्हटलं, "तू उशिरा नाही आलास रे. तू दोन मिनिटं म्हणालास आणि दोन मिनिटांनी उठला होतास. जन्मात पहिल्यांदा वेळेवर उठला होतास. बाप थांबला होता तुझ्यासाठी, खुर्चीत बसून. मी आतून ओरडले, अरे त्याची दोन मिनिटं म्हणजे उद्या सकाळ, उचल बॅग आणि नीघ. मी त्याला थांबू दिलं नाही. मी."

हिरो घाबरून मागच्या दिव्यावर पडला! दिवा त्या आवाज धरणाऱ्या पोरावर, तो पोरगा चहाच्या ट्रेवर. टोपीवाल्यानं एक टोपी जमिनीवर आपटली, "कट! कट! आजी, तुम्ही मेलेल्या आहात!" आणि हिरो बिचारा, डोळे पुशीत, "सर, मला आलं होतं... खरंच आलं होतं..." मी उठून बसले होते. वेणी कुठे, करंगळी कुठे, मला काही नको होतं. मी नातवाकडे बघत होते.

तो वहीवालीच्या शेजारी उभा होता. तोंड असं झालं होतं, जसं पाच वर्षांचा असताना पडल्यावर व्हायचं, आधी बघायचं कोण बघतंय का, आणि मग... मग रडला. कसला रडला! अकरा महिन्यांचं एकदम. हिरो आ वासून बघत राहिला, म्हटलं बघ बाबा, शिकून घे, हे असं असतं, आतून! मी थांबरावाला कॉटवर ओढला, तो माझ्या मांडीवर, सव्वीस वर्षांचं धूड, आणि ती चादर आमच्या दोघांवर. आणि सून दारातून म्हणते काय, अगदी शांतपणे, "आई, मला माहीत होतं ते. मी तिथेच डबा भरत होते ना तेव्हा. घर केवढंसं आहे." म्हणजे बघा! हिला माझं माहीत, मला त्याचं माहीत, आणि तिघं तीन कोपऱ्यांत तोंडं मिटून बसलेली! डॉक्टरांनी तर तेव्हाच सांगितलं होतं की बॅग असती नसती, व्हायचं ते झालंच असतं. पण डॉक्टरचं कोण ऐकतं? आपलं आपल्यालाच फोडत बसायचं असतं.

मग थांबरावानं नाक पुसलं, उठला, आणि ती पान्यांची बॅग खांद्याला लावली. वहीवाली धावलीच, "अरे, अरे! ती बॅग मागे दिसतेय सगळ्या दृश्यात! कंटिन्युटी!"

हा म्हणाला, "असू दे."

आणि चार मजले उतरून गेला. बापाचा जोडीदार मागच्या गल्लीत राहतो, त्याच्या हवाली केली. म्हणाला, "तुम्हाला कामाला येईल." परत यायला त्याला तासभर लागला. टोपीवाला त्या तासात तीन वेळा म्हणाला, "आजी, आता फक्त पाय घेतो तुमचे. पाय तरी बोलत नाहीत ना?"

तर सिनेमा लागला, आम्ही तिघं गेलो. एवढी मी मेले, आणि पडद्यावर किती, तर दोन पाय आणि एक कोपर! तोंड सगळं खोकलेबाईचं, बरी होऊन आली होती मेली. आणि लोक कुठे हसावं, कुठे रडावं, त्याचा काही पाचपोचच नाही, शेजारचा माणूस माझे पाय बघून हुंदके देत होता, मी त्याला कोपरानं ढोसून सांगितलं, अहो, मी इथे आहे! तर किंचाळला. आणि तेवढ्यात आमचा नातू दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली वाकला. म्हटलं, काय झालं रे? तर म्हणे, "आजी, हिरो हसतो तेव्हा मागे बॅग आहे आणि रडतो तेव्हा नाहीये." सबंध थिएटरात कुणाला दिसली नाही ती गोष्ट!

आता तो वहीवालीच्या हाताखाली आहे. पहाटे आपला आपण उठतो, वही घेतो, पेन्सिल कानावर. खुर्ची सुनेनं खिडकीपाशी नेली, त्यावर बसून शेंगा सोलते, तो बघतो आणि निघून जातो. सगळं चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण माझं काय झालं ते कुणी विचारतं का? अहो, जन्मभर मी गोष्टी सांगत आले. अक्षर येत नाही मला, पण गोष्ट सांगावी तर मीच, चार माणसं जमली की मी थोडं मीठ घालते, थोडं तिखट घालते, त्याशिवाय कोण ऐकणार? आणि आता परवा हीच गोष्ट शेजारणीला सांगत होते, रंगात आले होते, आणि आतून आवाज, "आजी, मागच्या वेळी सतरा खेपा होत्या, आज तेवीस कशा?" पुढे गेले तर, "हिरो दिव्यावर पडला, आजी, खिडकीतून बाहेर नाही!" आणि हे सगळं वहीत लिहिलेलं असतं, तारीख घालून!

म्हणून आज तुम्हाला सगळं खरं खरं सांगावं लागलं हो, शब्दन् शब्द. तो बसलाय आत. त्यामुळेच गोष्ट जरा फिकी झाली... त्याला नाइलाज आहे.